नळ सुरू ठेवून

"पाळी कधी आली होती?"

काउंटरवरच्या मुलीने काचेच्या भोकातून विचारलं. भोक लहान, मागे एसीची घरघर, त्यामुळे तिला मोठ्याने बोलायची सवय लागली असावी. माझ्या शेजारी माझे सासरे उभे होते. काखेत माझी फाईल, हातात पाण्याची बाटली. आमच्या विट्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा लगेच भिंतीकडे वळले आणि तिथली 'शांतता राखा' ही पाटी वाचायला लागले. दोन शब्दांची पाटी त्यांनी बराच वेळ वाचली.

"बंद आहे," मी म्हणाले. "केमोपासून."

"घरात लहान मूल आहे?"

"मुलगी आहे. दीड वर्षाची." हा प्रश्न आला आणि माझं तोंड सुटलं. "आज ती माझ्याजवळ झोपली तर चालेल का? माझे कपडे वेगळे धुवायचे का? तिचा वरणभात मी कालवला तर? आणि माझा घाम लागला तिला…"

"ताई, ताई," ती मुलगी हसली. "इंजेक्शनचं औषध काही तासांनी उतरतं. आजचा दिवस कडेवर घेऊ नका. उद्या सकाळपासून घ्या."

"उद्या सकाळी नक्की?"

"नक्की. आता तुमचं सांगा. पाठ दुखते असं लिहिलंय डॉक्टरांनी."

"थोडी."

"पायात मुंग्या, बधिरपणा? चालताना तोल जातो?"

पाटी वाचून संपली होती. मामा एक पाऊल मागे येऊन पुन्हा माझ्या शेजारी उभे राहिले होते.

"नाही," मी म्हणाले.

"लघवीला, संडासला काही त्रास?"

"नाही."

तिने खटखट दोन बटणं दाबली आणि आत बसायला सांगितलं.

कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं ते तळघर होतं. वर ऑपरेशनं, वॉर्ड, लहान मुलांचं रडणं. खाली हे पेट-सीटीचं मशीन आणि थंडगार शांतता. मनवा तीन महिन्यांची असताना तिला पाजताना मला उजव्या बाजूला गाठ लागली. आत्यांनी दुधाची गाठ म्हणून गरम कपड्याने शेकली. ती दुधाची नव्हती. मग ऑपरेशन, मग केमो, मग केस पुन्हा उगवायला लागले आणि घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की संपलं एकदाचं. आणि मग पाठ दुखायला लागली. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जरा खाली. बाळंतपणाची पाठ, आत्या म्हणाल्या, आमची अजून दुखते. मालिश करणारी शेवंता येऊन अंगठ्याने दाबून गेली, त्या दिवशी तर मी उशीत तोंड घालून ओरडले. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना मी पाठीचं तेवढं सांगितलं. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा बघितला आणि ही तपासणी लिहून दिली.

माझा नवरा सुहास सेलमला असतो. आमच्या भागातले अर्धे पुरुष देशभर कुठे ना कुठे सोन्याच्या गलाईत असतात. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचं काम. मामांनीही सेलमलाच आयुष्य काढलं आणि भट्टीच्या धुराचा खोकला घेऊन घरी आले. सुहास ऑपरेशनला आला, केमोला आला, पण दुकान किती वेळा बंद ठेवणार. म्हणून माझ्याबरोबर मामा. आत्या मनवाजवळ.

मामांबरोबर एकटीने जायचं म्हणजे मला दडपणच. ते वाईट नव्हते. पण माझं लग्न झाल्यापासून आमच्यात 'चहा ठेवू?' आणि 'ठेव' यापलीकडे फार बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर एसटीतून उतरले आणि थोडं पुढे गेल्यावर मागून हाक आली, "थांब जरा." वळून बघितलं तर मामा वाकून काहीतरी उचलत होते. माझी डावी चप्पल. ती एसटीच्या पायरीवरच राहिली होती आणि मी एका पायाने अनवाणी चालत आले होते. मामांनी ती आणली, माझ्या पायाजवळ ठेवली आणि रिक्षा बघायला पुढे गेले. सासऱ्याने सुनेची चप्पल उचलायची. मला वाटलं, स्टँडवरचा एकेक माणूस बघतोय.

आत बसल्यावर आत्यांना फोन लावला.

"काय करते?"

"खेळतीय. शी करून झाली."

"कशी झाली? पातळ?"

"बरी झाली."

"रंग?"

"रंग कसला बघू, पिवळा, दुसरा कुठला असतोय? तू काय खाल्लंस का?"

"उपाशी यायचं होतं, आत्या."

"उपाशी माणसाला तपासून काय दिसायचंय," आत्या म्हणाल्या. "मामांना दे फोन."

मनवाची शी-शू हा आमच्या घरातला उघडा विषय. सकाळी उठून मी सगळ्यांसमोर लंगोट उजेडात धरून बघायची. दुपारपर्यंत लंगोट ओला झाला नाही तर मी सुहासला सेलमला फोन करायची. एकदा तर मामांना चहा देताना सांगितलं होतं, "आज तिची शू जरा लालसर वाटतेय, मामा." त्यांनी कप तसाच ठेवून तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. बाळाचं सगळं बोलायला मला काही वाटायचं नाही.

माझं मात्र वेगळं होतं. आमच्या घरात बाहेरच्या खोलीला सोपा म्हणतात आणि सोप्यातच मोरीचं दार आहे. मामांची खाट बरोबर त्या दाराच्या समोर. लग्न झाल्या दिवसापासून माझी एक सवय: आत गेले की आधी नळ सोडायचा. पाण्याचा आवाज झाला की बाकी आवाज बाहेर जात नाही. माझी आई पण हेच करायची, माझ्या बहिणीही करतात; कुणी कुणाला शिकवलेलं नाही. आत्या पाण्यावरून बोलायच्या. विट्यात पाणी रोज येत नाही. तरी मी नळ सोडायचीच.

दिवाळीच्या आसपास असं व्हायला लागलं की मी नळ सोडून बसायची आणि काही व्हायचंच नाही. जोर करायची, पोट दाबायची, नळाकडे बघत राहायची. मग थोडीशी व्हायची. उठले की पुन्हा भरल्यासारखं. एकदा धान्याचा डबा उचलताना उभ्या उभ्या गळली. साडी बदलली, मनवाच्या लंगोटांबरोबर धुऊन टाकली. बाळंतपणात सैल पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मी बीएस्सी झालेली बाई. बॉटनी का होईना, पण बीएस्सी. सुहासला फोनवर सांगायला तोंड उघडलं होतं एकदा. मागे त्याच्या दुकानात पोरं बोलत होती. मी म्हटलं, "नंतर बोलू."

इंजेक्शनच्या खोलीत आसावरी नावाची टेक्निशियन होती. माझ्यापेक्षा लहान, पक्की कोल्हापूरची. सुई शोधता शोधता बोलत होती.

"साखरेसारखंच औषध आहे ताई. शरीरात जिथं जास्त साखर खाल्ली जाते तिथं जाऊन बसतं. मग मशीन दोन कामं एकदम करतंय. एक सांगतंय कुठं काय आहे, दुसरं सांगतंय ते काय करतंय. दोन्ही एकावर एक ठेवायचं."

"आणि कुठे जातं हे औषध?"

"मेंदूत जातं, तिथं जाणारच. राहिलेलं लघवीवाटे बाहेर. म्हणून मशीनवर झोपायच्या आधी बाथरूमला जाऊन यायचं हं. पूर्ण मोकळं व्हायचं. मूत्राशय भरलेलं असलं की तिथं नुसता दिवा लागल्यासारखं दिसतंय, आजूबाजूचं काय दिसत न्हाई."

"बरं."

"आता तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही, हलायचं नाही. मुलीची काळजी करायची नाही."

"तुम्हाला कसं कळलं मी मुलीची काळजी करते?"

"काउंटरवरनं ऐकू आलं की सगळं," ती म्हणाली आणि दिवा बारीक करून गेली.

सगळं ऐकू येतं, हे तिने सहज सांगितलं. मी त्या अर्ध्या अंधारात पडून तेवढाच विचार करत राहिले. बाहेर मामा खोकले. भिंतीतून त्यांचा खोकला स्पष्ट येत होता. म्हणजे इथलाही आवाज तिकडे जात असणार.

इंजेक्शन घेतलेल्यांसाठी वेगळं बाथरूम होतं, त्याच बोळात. तास संपल्यावर आसावरीने मला तिकडे पाठवलं. मी आत गेले, कडी लावली, नळ सोडला. इथे पाण्याला जोर होता, विट्यासारखी बारीक धार नव्हती. मी बसले. काही नाही. दोन बाटल्या पाणी प्यायले होते, पोट दगडासारखं लागत होतं, आणि काही नाही. पाठीतून एक कळ दोन्ही बाजूंनी छातीकडे आली, पट्टा आवळल्यासारखी. मग थोडी झाली. थेंब थेंब. मग थांबली.

"ताई, झालं का?" बाहेरून आसावरी.

"झालं," मी म्हणाले आणि नळ बंद केला.

"पूर्ण मोकळं?"

"हो."

मशीनमध्ये हात डोक्यावर घेऊन सरळ पाठीवर झोपायचं होतं. ते सगळ्यात अवघड गेलं. छत पुढे सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. मी मनवाला आठवायचा प्रयत्न केला, पण डोक्यात फक्त एकच होतं, आता इथे गळली तर काय.

टेबल बाहेर आलं. मी उठायला लागले तशी स्पीकरवरून आसावरी म्हणाली, "ताई, तशाच पडून राहा. उठू नका."

"हाललं का काही?"

"नाही. डॉक्टर बघतायत."

ती आत आली. येताना तिचा मघाचा बोलका चेहरा नव्हता.

"ताई, तुम्ही बाथरूमला गेला होता ना?"

"गेले होते की. तुम्हीच बाहेर उभ्या होता."

"आणि झाली होती?"

"झाली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं आणि तिला ते माझ्या तोंडून हवं होतं. मी नजर छताकडे वळवली. ती निघून गेली.

मग डॉक्टर तहसीलदार आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी मला उठू दिलं नाही. तिथला छोटा मॉनिटर फिरवून माझ्या बाजूला केला. त्यात मी होते. करड्या रंगात माझी हाडं, माझं पोट, आणि त्यावर ठिकठिकाणी केशरी.

"हा मेंदू. हा उजळणारच. हे मूत्रपिंड, हेही ठीक," त्यांनी बोट खाली आणलं. "हा मणका बघा. खांद्यांच्या मधला. हा असा पेटायला नको. आणि हा केशरी रंग नुसता हाडात थांबलेला नाही. आत सरकलाय. इथून मज्जारज्जू जातो."

"म्हणजे?"

"मेंदूकडून पायांकडे जाणारी तार समजा. तिच्यावर दाब यायला लागलाय का, ते मला आत्ता बघायचंय. एमआरआय वरच आहे, मी त्यांना सांगितलंय. पण त्याआधी तुम्हाला एक विचारायचंय." त्यांचं बोट आणखी खाली गेलं. ओटीपोटात एक मोठा गोळा झगझगत होता. मनवाच्या चेंडूएवढा. "हे तुमचं मूत्राशय. तुम्ही नुकत्याच जाऊन आला होता म्हणे. मग हे एवढं कसं?"

त्या खोलीत ते, आसावरी आणि मी. तिघंही त्या गोळ्याकडे बघत होतो.

"खरं सांगा. होत नाही का?"

"थोडी झाली."

"कधीपासून असं?"

"दिवाळी… दिवाळीच्या जरा आधीपासून."

"पाय?"

"डावा जड वाटतो. कधी कधी."

"हे कुणाला सांगितलंय? घरी?"

"नाही."

"वर डॉक्टरांना?"

"त्यांनी विचारलं नव्हतं."

"काउंटरवर विचारलं असेल."

मी पुन्हा छताकडे बघितलं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे बघा. आज तुम्ही चालत आलात. ही तार पुरती दाबली गेली तर पाय जातात. कुणाचे हळूहळू जातात, कुणाचे एका दिवसात. गेलेले परत येतीलच असं सांगता येत नाही. म्हणून आज, आत्ता. सोबत कोण आलंय?"

"सासरे."

"बोलवा त्यांना."

"डॉक्टर, त्यांना नको," मी म्हणाले. "मिस्टरांना फोन लावते ना मी."

"कुठे असतात?"

"सेलमला."

"आणि दाखल कोण करणार तुम्हाला? सेलमवरून?"

"मग त्यांना मणक्याचं सांगा. ते दुसरं… ते नका सांगू."

"लघवीचं?"

त्यांनी तो शब्द इतका सहज उच्चारला की मी दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं.

"ते नाही सांगितलं तर एवढी घाई कशाची हे त्यांना कसं कळणार?" डॉक्टर म्हणाले. "आसावरी, बोलाव आजोबांना."

मला हे लिहितानाही नीट सांगता येत नाही. पाय जाणार असं एक माणूस मला सांगत होता, विट्यात माझी दीड वर्षाची मुलगी होती, आणि मी टेबलावर पडून विचार करत होते की दवाखान्याचा हा गाऊन गुडघ्याच्या वर गेलाय, मामा येण्याआधी तो खाली कसा ओढू.

मामा आले. टोपी काढून हातात धरलेली. आसावरीने त्यांना माझ्यापासून लांब, भिंतीशी उभं केलं. "औषध आहे अजून यांच्या अंगात, आजोबा. दोन हात लांबनं बोला." डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं. मणका, तार, आणि ते दुसरंही. मामा ऐकत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"घरात चालताना तुम्हाला काही जाणवलं का हिच्यात?" डॉक्टरांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं असावं.

"डावा पाय," मामा म्हणाले.

"काय?"

"डाव्या पायातली चप्पल सुटती हिच्या. हिला कळत न्हाई. तशीच जाती पुढं. उंबऱ्यात सुटती, पायरीवर सुटती. आज स्टँडवर सुटली."

"कधीपासून बघताय?"

"झालं की महिनाभर. आणि जिन्यावर भिंतीला धरती. पोरगी कडेवर असली की जिन्याच्या खालीच उभी ऱ्हाती, कुणी येतंय का बघत. मग सासूला हाक मारती, म्हणती, आत्या, हिला जरा घ्या, मी वरचे वाळलेले कपडे काढून आणते."

खरं होतं. मी ते इतक्या सहजपणे करायची की कुणाला शंका येणार नाही, असं मला वाटायचं.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगणार, साहेब? सुनेच्या पायाकडं बघतोय म्हणून सांगू?"

डॉक्टर पुन्हा मॉनिटरकडे वळले. मला वाटलं झालं. मामांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आनखी एक हाय. पर ते…" ते थांबले. मग भिंतीकडे तोंड करूनच बोलायला लागले. "माझी खाट सोप्यात. मोरीचं दार म्होरंच. ही आत गेली की नळ सोडती. लई वेळ सोडती. पैल्यांदा एवढा वेळ न्हवती सोडत. नुसतं पाणी वाजतंय, बाकी काय न्हाई. मला वाटलं, पोरगी रडाय जाती आत. म्हटलं रडू दे. एवढं सोसलंय, एकदाबी रडली न्हाई कुणाम्होरं. घरात दुसरी जागा कुठं हाय रडाय."

मामा खोकले, मग पुढे म्हणाले,

"पाण्यावरनं हिची सासू बोलायची हिला. म्हणून मी दुपारी पिंप भरून ठिवाय लागलो. समोरच्यांच्या बोरचं पाणी. म्हंजे कुणी हिला काय म्हणाय नको."

त्या महिन्यात मोरीतलं पिंप नेहमी काठोकाठ असायचं. मी समजत होते, नगरपालिकेने पाणी वाढवलं.

नंतर कुणालाही हे सांगितलं की म्हणतात, किती चांगला माणूस. होतेच. पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मला एवढंच कळलं की इतकी वर्षं नळ सोडून मी जे झाकत होते ते त्या खाटेवर पोचत होतं. त्यांनी ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गाऊन दोन्ही मुठींत धरून ठेवला आणि कुणाकडेच बघितलं नाही.

डॉक्टर मात्र भरभर लिहायला लागले होते. "आजोबा, हे फार उपयोगाचं सांगितलंत," एवढंच म्हणाले. मग आसावरीला, "स्ट्रेचर. बसवायचं नाही, उभं करायचं नाही. आहे तसं उचलून घ्या."

पुढचं थोडक्यात. एमआरआयमध्ये तार दाबलेली दिसली, पण अजून जिवंत होती. त्याच दुपारी सूज उतरवायचं इंजेक्शन आणि लाईट, म्हणजे रेडिएशन, देणं सुरू झालं, आणि एका नर्सने नळी घालून ते भरलेलं पोट मोकळं केलं. ती नळी बरेच दिवस राहिली. मग निघाली. गोळ्या अजून चालू आहेत, त्या मशीनमध्येही अधूनमधून जावं लागतं. मनवा आता तिसरीत आहे. जिना चढताना माझा डावा पाय किंचित उशिरा उचलला जातो. ती वरून ओरडते, "आई, किती वेळ," आणि मी चढते. तहसीलदार डॉक्टर म्हणाले होते, आणखी आठवडा गेला असता तर तुम्ही पुन्हा चालाल असं मी सांगू शकलो नसतो.

पण स्ट्रेचरवर घातलं तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. आसावरीने गळ्यापर्यंत पांढरी चादर घातली आणि स्ट्रेचर तळघराच्या लिफ्टशी आणून उभं केलं. लिफ्ट वर अडकली होती. समोर ओळीने खुर्च्या आणि खुर्च्यांवर माणसं: तपासणीला आलेले, त्यांच्या बायका, मुलगे, डबे. मामा थोडे लांब उभे राहून सुहासला फोन लावत होते. लिफ्टपाशी आवाज तुटत होता म्हणून ते जिन्याच्या तोंडाशी गेले, तिथेही तसंच. सुहासकडे भट्टीचा पंखा सुरू असणार. मामांचा आवाज वाढत गेला.

"सुहास. आरं सुहास. हिला ठिवून घ्यायलेत… ठिवून… मणक्यात आलंय म्हणं… मणक्यात."

खुर्च्यांवरची माणसं वळली.

"न्हाई, तेवढंच न्हाई. लघवी हुईना झालीय तिला."

तिकडून काय विचारलं गेलं ते कळलं नाही.

"लघवी." मामा थोडे थांबले. मग ज्या आवाजात ते शेताच्या बांधावरून हाक मारतात त्या आवाजात म्हणाले, "लघवी, लघवी. तुंबलीय तिची."

ज्या माणसाने लग्नानंतर मला नावानेसुद्धा क्वचित हाक मारली होती, तो सगळ्या तळघराला हे सांगत होता. एका बाईने आपल्या शेजारणीला कोपर लावलं. एका म्हाताऱ्याने मान वाकडी करून माझ्याकडे नीट बघितलं.

मी चादर वर ओढली. हनुवटीवर, नाकावर, मग कपाळावर. आत पांढरा उजेड होता, माझ्याच श्वासाची ऊब होती आणि कुणी मला बघत नव्हतं. तिथे बरं वाटलं. बाहेर मामांचं चालूच होतं.

"…व्हय, पायाला बी लागलंय… आजच्या आज करतो म्हणालेत… तू नीघ. दुकान ऱ्हाऊ दे. नीघ तू."

मग आवाज जवळ आला.

"आजोबा, लांबनं," आसावरी म्हणाली. "दोन हात लांब."

पावलं थांबली नाहीत. चादरीला ओढ लागली. मी आतून ती धरून ठेवली. मामांचा हात त्यापेक्षा घट्ट होता. चादर कपाळावरून खाली आली, नाकावरून खाली आली. वर मामा होते, कानाला अजून फोन, त्यात सुहास बापाला बारीक आवाजात "अण्णा, अण्णा" करत होता.

"असं न्हाई घ्यायचं तोंडावर," ते मला म्हणाले. "असं कुणाच्या तोंडावर घालत्यात, ठाऊक न्हाई तुला?"

"सगळे बघतायत, मामा."

"बघू देत. जित्या माणसाकडं बघत्यातच." त्यांनी चादर माझ्या गळ्याशी दुमडली आणि दुमड स्ट्रेचरच्या गादीखाली खोचून टाकली, मनवा रात्री पांघरूण काढू नये म्हणून मी खोचते तशी. हात निघू नये इतकी घट्ट. मग फोनमध्ये म्हणाले, "हाय हितं. शुद्धीत हाय. बोलतीय. तू नीघ."

लिफ्ट अजून आली नव्हती. समोरचा म्हातारा बघत होता, ती बाई बघत होती, तिची शेजारीणही बघायला लागली होती. माझे कान तापले होते. मी तोंड फिरवलं नाही. लिफ्ट येईपर्यंत मी सगळ्यांना बघू दिलं.